दहा मिनिटांत सपाट पोट? जाहिरातीतील व्यायामयंत्रे तपासायची कशी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहणाऱ्याला व्यायाम म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. खंडोबा तालीम, वेताळ तालीम, फिरंगाई तालीम ही नावे इथल्या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. यांतल्या काही तालमी आज कुस्तीपेक्षा फुटबॉलसाठी अधिक ओळखल्या जातात हे खरे. पण जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल, गदा हे शब्द अजून घरोघरी कळतात. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली उभे राहिलेले खासबागचे कुस्ती मैदानही इथून फार लांब नाही.

आणि तरीही याच पेठेत एखाद्या घरी कॉटखाली किंवा माळ्यावर टीव्हीवर पाहून मागवलेले व्यायामयंत्र सापडणे दुर्मीळ नाही. १९९०च्या दशकात केबल घरोघरी आली आणि तिच्याबरोबर या यंत्रांच्या लांबलचक जाहिराती आल्या. आता त्याच जाहिराती मोबाईलवरही येतात. पोटाला बांधायचा थरथरणारा पट्टा, घाम काढणारा गरम पट्टा, विजेचे सौम्य झटके देणारा पट्टा, बसल्याबसल्या डुलवणारी खुर्ची, उंची वाढवणारी लोंबकळण्याची दांडी असे त्यांचे नाना प्रकार आहेत. वचन मात्र एकच: कष्ट थोडे, फळ मोठे.

शिक्षकांना पालक आणि मुले हमखास विचारतात, "सर, ते मशीन खरंच चालतं का?" यंत्र चालते यात शंका नसते. बटण दाबले की ते थरथरते, तापते, डुलते. प्रश्न असतो तो ते चालल्यामुळे आपल्या शरीरात काय घडते हा. त्याचे उत्तर शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. सातवी-आठवीचे विज्ञान, थोडे अंकगणित आणि एक मोजपट्टी एवढ्यावर बरेच काम होते.

हा विषय वर्गात घेण्याचे कारण केवळ पैसे वाया जातात एवढेच नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेली एखादी व्यक्ती डॉक्टरांनी सांगितलेले रोजचे चालणे सोडून पट्ट्यावर विसंबते, तेव्हा नुकसान पैशांपुरते राहत नाही. वर्गात ज्याला 'जाड्या' म्हणून चिडवतात त्या मुलाच्या मनातही ही जाहिरात खोल उतरते. महिनाभर पट्टा बांधूनही पोट उतरले नाही की 'आपल्यातच काही खोट आहे' असे त्याला वाटू लागते. खोट जाहिरातीच्या दाव्यात होती, हे त्याला कोणी तरी सांगायला हवे.

आधी दावा वेगळा काढा

पहिले काम म्हणजे जाहिरातीतली वाक्ये जशीच्या तशी वहीत उतरवणे. मग त्यांचे तीन गट पाडावेत. पहिल्या गटात मोजता येणारे दावे: 'दोन आठवड्यांत चार किलो कमी', 'कंबर तीन इंच बारीक'. दुसऱ्यात मोजता न येणारे: 'शरीर सुडौल होते', 'विषद्रव्ये बाहेर पडतात', 'चपळता येते'. कोणती विषद्रव्ये, किती, आणि ती बाहेर पडली हे कसे ओळखायचे, हे सांगितलेले नसते. तिसऱ्या गटात खरी असतील पण मुद्द्याशी संबंध नसलेली विधाने: 'परदेशी तंत्रज्ञान', 'लाखो घरांत पोहोचलेले', 'आज मागवल्यास अर्ध्या किमतीत'.

वर्गात हा उद्योग केला तर मुलांच्या लगेच ध्यानात येते की पहिल्या गटात फारच थोडी वाक्ये उरतात. विज्ञानाची परीक्षा घेता येते ती एवढ्यांचीच. दुसऱ्या गटातील वाक्य खोटे ठरवता येत नाही. म्हणून ते खरे ठरते असे नाही. ते फक्त निसटते असते.

कागद-पेन्सिलीची परीक्षा

मोजता येणारा दावा हाती आला की प्रथम ऊर्जेचा हिशेब करावा. एक खरे उदाहरण घेऊ. 'अ‍ॅब सर्कल प्रो' नावाचे पोटाच्या व्यायामाचे यंत्र अमेरिकेत टीव्हीवरून मोठ्या प्रमाणावर विकले गेले. रोज तीन मिनिटे वापरले तर दोन आठवड्यांत दहा पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो वजन उतरते, असा त्याचा प्रचार होता. तेथील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१२ साली या दाव्याविरुद्ध कारवाई केली, आणि ग्राहकांना परत देण्यासाठी विक्रेत्यांना २.५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम मोजण्याचे मान्य करावे लागले.

हा निर्णय येण्याची वाट न पाहता आपल्याला काय करता आले असते? शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक (किलोकॅलरी) साठवलेले असतात. साडेचार किलोंचे झाले ३४,६५०. ते चौदा दिवसांत खर्च करायचे, म्हणजे दिवसाला २,४७५. साधारण कामकाज करणाऱ्या प्रौढ माणसाचा दिवसभराचा सगळा खर्चही जवळपास एवढाच असतो. यंत्राने तो तीन मिनिटांत करायचा, म्हणजे मिनिटाला ८२५ उष्मांक.

जोरात धावणारा माणूस मिनिटाला १० ते १५ उष्मांक खर्च करतो. कसलेला सायकलपटू पूर्ण ताकद लावून २० ते २५ पर्यंत जातो. ८२५ हा आकडा त्याच्या तीसपटीहून मोठा आहे. शिवाय स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेचा फार तर चतुर्थांश भाग बाहेरच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. तेवढी उष्णता ७० किलोंच्या शरीरात निर्माण झाली तर त्याचे तापमान दर मिनिटाला दहा अंश सेल्सियसहून अधिक वाढेल! दावा खरा असता तर तिसऱ्या मिनिटाला वापरणाऱ्याची धडगत नव्हती.

आता हाच हिशेब तालमीतल्या बैठकांना लावू. ६० किलोंचा माणूस एका बैठकीत आपले शरीर सुमारे ०.४ मीटर उचलतो. कार्य = ६० × ९.८ × ०.४ = सुमारे २३५ ज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्के धरली आणि खाली बसतानाचे थोडे श्रम मिळवले, तर एका बैठकीला साधारण ०.३ उष्मांक पडतात. शंभर बैठकांना ३०. एक किलो चरबी केवळ बैठकांनी उतरवायची तर सुमारे पंचवीस हजार बैठका! पेठेतून निघून रंकाळ्याच्या काठाने तासभर झपाट्याने चालल्यास, नुसते बसून राहण्यापेक्षा दीडशे ते दोनशे उष्मांक जास्त खर्च होतात. तेव्हा आहार तोच ठेवून एक किलो उतरायला चाळीस-पन्नास दिवस लागतात.

हे आकडे ऐकून निराश व्हायचे कारण नाही. व्यायामाचा खरा लाभ हृदय, फुप्फुसे, स्नायू, हाडे आणि रक्तातील साखर यांना होतो. वजनकाट्यावर तो सगळा दिसत नाही. पण वजन भराभर उतरवण्याचे वचन देणाऱ्याला हा हिशेब जरूर विचारावा.

'पण आमच्याकडे पहिल्या आठवड्यात दीड किलो कमी झाले!' असे सांगणारे भेटतात, आणि ते खोटे बोलत नसतात. यंत्रासोबत बहुधा आहाराचे एक पत्रक येते. खाणे एकदम कमी केले की शरीर प्रथम यकृतात व स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन वापरते. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते, तेही जाते. सुरुवातीला काटा जो झरझर खाली येतो त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. जेवण पूर्ववत झाले की ते पाणी परत येते.

चरबी सामाईक कोठारातली

'पोटाचा व्यायाम केला की पोटाची चरबी जाते' हा समज बहुतेक जाहिरातींच्या मुळाशी आहे. तो पटण्याजोगा वाटतो, कारण व्यायामाने पोट दुखते ते तिथेच. पण चरबी ही प्रत्येक स्नायूची खाजगी शिदोरी नसून साऱ्या शरीराचे सामाईक कोठार आहे. ऊर्जा हवी असली की संप्रेरकांच्या निरोपावरून जागोजागच्या चरबीच्या पेशी मेदाम्ले रक्तात सोडतात, आणि जो स्नायू काम करत असेल तो ती रक्तातून घेतो. कोणत्या जागची चरबी आधी उतरेल हे मुख्यतः अनुवंश, लिंग व वय यांवर ठरते. पट्टा कुठे बांधला यावर नव्हे.

याची परीक्षाही झालेली आहे. टेनिसपटूचा एक हात वर्षानुवर्षे दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतो. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा खेळाडूंच्या दोन्ही हातांवरील कातडीखालच्या चरबीची जाडी मोजली. खेळणाऱ्या हाताचे स्नायू मोठे होते, पण चरबी कमी नव्हती. २०११ साली विस्पुते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्यात २४ जणांवर प्रयोग केला. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पोटाचे सात व्यायाम केले. दुसऱ्याने केले नाहीत. व्यायाम करणाऱ्यांच्या पोटाच्या स्नायूंचा दम वाढला, पण पोटावरची चरबी व कंबरेचा घेर यांत फरक पडला नाही.

कोल्हापूरकरांना यासाठी परदेशी जायलाही नको. वजनदार गटातला एखादा पैलवान डोळ्यांपुढे आणावा. रोज शेकडो जोर-बैठका, मातीतली झटापट. त्याच्या पोटाचे स्नायू लोखंडी असतात. तरीही त्याला चांगले पोट असू शकते, कारण दूध, तूप, बदाम असा खुराक खर्चापेक्षा जास्त असतो. पोटाच्या व्यायामाने पोट गेले असते तर सगळे पैलवान सडपातळ दिसले असते. कुस्ती सुटल्यावर काहींचे अंग सुटते, तेव्हा 'स्नायूंची चरबी झाली' असे म्हणतात. तेही खरे नाही. स्नायूची पेशी चरबीची पेशी होत नाही. जोर थांबतात, खुराक चालू राहतो. स्नायू झडतात आणि चरबी वेगळी साठते.

घाम आणि थरथर

गरम पट्ट्याची जाहिरात घामावर उभी असते. पट्टा काढला की कातडी ओलीचिंब दिसते, आणि 'चरबी वितळली' असे सांगितले जाते. चरबी लोण्यासारखी वितळून रोमरंध्रांतून बाहेर येत नाही. घाम म्हणजे पाणी आणि थोडे क्षार. शरीर थंड ठेवण्यासाठी तो येतो. पट्टा तापतो विजेवर. खर्ची पडते ती वीज, आपली चरबी नव्हे. अर्धा लीटर घाम गेला की वजन अर्धा किलो उतरते आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर परत येते. उन्हाळ्यात भर दुपारी एस.टी.त बसून घाम येतो, तो व्यायाम झाला असे आपण म्हणत नाही.

थरथरणाऱ्या पट्ट्याचेही तसेच. हलवण्याचे काम मोटर करते, शरीर हलवले जाते. जे काम मोटरने केले त्याची ऊर्जा मोटरच्या खाती पडते. कोणतेही यंत्र समोर आले की विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न हाच: श्रम कोण करते आहे, यंत्र की मी? साधी दोरी, डंबेल्स, मुद्गल, स्थिर सायकल ही साधनेच आहेत. ती उपयोगी पडतात, कारण ती आपल्याकडून श्रम करवून घेतात. श्रम वाचवणारे यंत्र पाटा-वरवंट्याच्या जागी उत्तम. व्यायामाच्या जागी ते आपल्यालाच रजा देते.

विजेचा पट्टा: अर्धे सत्य

विजेच्या झटक्याने स्नायू आकुंचन पावतो हे गॅल्व्हानीने अठराव्या शतकात बेडकाच्या पायावर दाखवले होते. भौतिकोपचारतज्ज्ञ आजही दुबळ्या झालेल्या स्नायूंसाठी या तत्त्वाचा उपयोग करतात. म्हणून पोटाच्या विजेच्या पट्ट्याला सरसकट थोतांड म्हणणे शास्त्रीय होणार नाही. तपासायचे ते हे की किती परिणाम, आणि कशावर.

अमेरिकेत २००२ साली फेडरल ट्रेड कमिशनने अशा तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांविरुद्ध तक्रारी दाखल केल्या. व्यायामाविना वजन उतरते आणि पोटावर स्नायूंच्या वड्या दिसू लागतात, हे त्यांचे दावे खोटे असल्याचे कमिशनचे म्हणणे होते. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस शाखेतील पोर्कारी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाजारातले असे यंत्र आठ आठवडे वापरूनही वजन, चरबी, ताकद किंवा दिसणे यांत लक्षणीय फरक पडला नव्हता. पुढे २००५ साली याच गटाने अधिक प्रभावी बनावटीचा पट्टा तपासला. या वेळी पोटाच्या स्नायूंची ताकद सरासरी ५८ टक्क्यांनी वाढली आणि कंबरेचा घेर साडेतीन सेंटिमीटरने कमी झाला. पण वजन आणि कातडीखालची चरबी बदलली नाही. ताठ झालेल्या स्नायूंनी पोट आत धरले, एवढाच त्याचा अर्थ.

ही दोन निरीक्षणे मुलांपुढे एकत्र ठेवण्याजोगी आहेत. एकच माणूस, एकच पद्धत. यंत्र बदलले तर उत्तर बदलले, आणि ते त्याने तसेच सांगितले. विज्ञानात पक्ष घ्यायचा तो पुराव्याचा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा पट्ट्यांनी झटका बसणे, कातडी भाजणे असे प्रकार घडले असल्याचा इशारा अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन देते. हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा पट्टा मुळीच बांधू नये.

वर्गात करून पाहा

*एक: 'आधी' आणि 'नंतर'.* शिक्षकांनी स्वतःच्या कंबरेचा घेर बेंबीच्या पातळीवर तीन वेळा मोजून घ्यावा: सैल उभे राहून, श्वास सोडून पोट आत ओढून, आणि पोट पुढे काढून. तिन्ही मापांत काही सेंटिमीटरचा फरक पडतो. मग दोन छायाचित्रे काढावीत: एकात खांदे पाडून, समोरून सपाट प्रकाशात, दुसऱ्यात ताठ उभे राहून, बाजूच्या खिडकीच्या उजेडात. पाच मिनिटांत 'आधी-नंतर'ची जोडी तयार होते, आणि मध्ये एक ग्रॅमही चरबी गेलेली नसते. कृपया हा प्रयोग कोणाही विद्यार्थ्याच्या शरीरावर वर्गासमोर करू नये. ज्याला लाज वाटेल त्याच्या दृष्टीने तो प्रयोग राहत नाही.

*दोन: उंची.* मुलांनी घरी सकाळी उठल्याबरोबर आणि रात्री झोपण्यापूर्वी भिंतीशी उभे राहून आपली उंची मोजावी. सकाळची उंची साधारण एक सेंटिमीटरपर्यंत जास्त भरते. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने थोड्या दबतात आणि रात्री पुन्हा फुगतात. दांडीला लोंबकळल्यावर 'लगेच' वाढलेली उंची ही या जातीची असते. खरी उंची हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या पट्ट्यांत वाढते. पौगंडावस्था संपता संपता त्या बंद होतात, आणि मग कोणतीही दांडी त्या उघडू शकत नाही.

तुलना कशाशी?

एवढे झाल्यावर कोणी म्हणेल, 'पण माझ्या मावशीला फरक पडला.' पडलाही असेल. पण यंत्र आणल्यापासून मावशी गोड कमी खाऊ लागली का? सकाळी लवकर उठू लागली का? यंत्र न आणता एवढेच केले असते तर काय झाले असते? हा शेवटचा प्रश्न म्हणजे प्रयोगाचा आत्मा. त्याचे उत्तर तुलनेचा गट ठेवल्याशिवाय मिळत नाही.

समजा पेठेतील तीस प्रौढ स्वेच्छेने तयार झाले. त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. उत्साही लोक आपल्या मर्जीने यंत्राच्या गटात जाऊ नयेत म्हणून चिठ्ठ्या. एका गटाने यंत्र वापरायचे. दुसऱ्याने तेवढाच वेळ जोर-बैठका काढायच्या. खाणे दोघांचेही नेहमीचे. मोजमाप घेणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे माहीत नसावे, नाहीतर मोजपट्टी नकळत ओढली जाते. दोन-तीन महिन्यांनी दोन्ही गटांची सरासरी काढायची. आणि मध्येच सोडून गेलेल्यांनाही मोजणीत धरायचे. जाहिरातीत बोलतात ते टिकलेले लोक. ज्यांच्या यंत्रावर आता टॉवेल वाळतात त्यांना कॅमेऱ्यासमोर कोणी बोलावत नाही.

अशा तुलनेतून काय निघते याचा एक नमुना पाहा. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेसाठी २००१ साली सॅन दिएगो येथे तीस जणांवर पोटाचे तेरा व्यायाम तपासले गेले. स्नायूंतील विद्युत्-हालचाल मोजून कोणता व्यायाम स्नायूंना किती कामाला लावतो ते पाहिले. पाठीवर झोपून सायकल चालवल्यासारखे पाय हलवणे, हा बिनखर्चाचा व्यायाम सर्वांत वरच्या क्रमांकांत आला. टीव्हीवर गाजलेले एक यंत्र साध्या उठण्याच्या व्यायामाइतकेच ठरले, तर डुलणारे दुसरे यंत्र त्याहूनही बरेच मागे पडले. 'यंत्राने काही परिणाम होतो का?' या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले, तरी 'फुकटच्या व्यायामापेक्षा जास्त होतो का?' याचे उत्तर 'नाही' असू शकते. खिशातून पैसे काढायचे ते दुसऱ्या उत्तरावर.

तालमीलाही तीच फूटपट्टी

हे वाचून 'जुने ते सोने' असा निष्कर्ष कोणी काढू नये. फूटपट्टी एकदा हाती घेतली की ती आपल्या आवडत्या गोष्टींनाही लावावी लागते. जोर-बैठकांत श्रम आपलेच असतात आणि ते हळूहळू वाढवता येतात, म्हणून त्या परीक्षेत उतरतात. पण गुडघे दुखत असताना बैठकांची संख्या फुगवणे, रोजच्या खर्चाचा विचार न करता पैलवानाचा खुराक घेणे, किंवा अमुक उस्तादांनी सांगितले म्हणून विनातपास मानणे, यांना ती फूटपट्टी सूट देत नाही. खुराकाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यांनाही नाही. टीव्हीवरचा परदेशी प्रशिक्षक आणि तालमीतला वस्ताद, दोघांनाही आपण एकच विचारायचे: मोजून दाखवता का?

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालापासून आहे. ज्या विकारांवर व स्थितींवर औषधांच्या किंवा चमत्कारी उपायांच्या जाहिराती करण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत लठ्ठपणा आणि उंची हे दोन्ही विषय आहेत. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दैवी गुणाचा दावा करून यंत्रे-तावीज विकणाऱ्या टीव्ही जाहिराती बेकायदेशीर ठरवल्या. ती याचिका एका शिक्षकाने केली होती, हे आपल्या वाचकांना सांगितले पाहिजे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २०२० सालापासून लागू आहे. त्याखाली नेमलेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणारी जाहिरात थांबवू शकते आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत. या कायद्याने ग्राहकाला एक मोठी सोय दिली आहे: विक्रेता दिल्लीचा असो वा मुंबईचा, कोल्हापूरच्या ग्राहकाला तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातच करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. मात्र पावती, खोका, जाहिरातीचे चित्रण आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

फोन फिरवण्यापूर्वी

शेवटी, फळ्यावर लिहून द्यावेत असे सात प्रश्न:

१. दावा नेमका काय आहे, आणि तो कशाने मोजायचा?
२. त्याच्या ऊर्जेचा हिशेब जुळतो का?
३. श्रम कोण करते, यंत्र की मी?
४. कमी झाले ते काय: पाणी, घेर की चरबी?
५. कोणाशी तुलना करून हे सांगितले आहे, आणि ती कोणी केली?
६. बारीक अक्षरांत 'आहार व व्यायामासह' असे लिहिले आहे का? असल्यास यंत्र काढून टाकले तर काय उरते?
७. हेच फळ देणारे फुकटचे किंवा स्वस्त साधन घराजवळ आहे का?

सातव्या प्रश्नाचे उत्तर शिवाजी पेठेत तरी सोपे आहे. गांधी मैदान आहे, रंकाळा आहे, तालमी आहेत. तुमच्या गावातही शाळेचे पटांगण असेल, बांधावरची वाट असेल. पुढच्या सोमवारी वर्गात एक जाहिरात घ्या आणि पहिले तीन प्रश्न मुलांनाच सोडवू द्या. हिशेब चुकला तर पुन्हा करू द्या. घरी जाऊन ती तोच हिशेब आई-वडिलांपुढे मांडतील, आणि बहुधा तो फोन फिरवण्याच्या आतच.